कडबी चौकात उतरणारी मुलगी: पूर्वग्रहातून घडलेलं पात्र कसं लिहायचं

वेगवेगळ्या जाती-धर्मांची, भाषांची माणसं एका कथेत आणायची म्हटलं की पहिल्या खर्ड्यात हमखास एक प्रसंग येतो. कुणीतरी कुणाला जातीवरून किंवा धर्मावरून टाकून बोलतं. ज्याला बोललं जातं त्याच्या डोळ्यांत पाणी तरळतं आणि शेवटच्या पानावर तो ताठ उभा राहून चार वाक्यं सुनावतो. वाचक मान डोलावतो, पान उलटतो आणि आठवड्याभरात ते पात्र विसरतो. त्याच्याजवळ अपमानाखेरीज काही नसतंच, मग लक्षात काय राहणार?

इथं सांगितलेली रीत एका समजुतीवर उभी आहे. एकदा झालेला अपमान माणसाला जेवढा घडवतो, त्याहून जास्त घडवतात त्या सवयी, ज्या तो अपमान पुन्हा वाट्याला येऊ नये म्हणून माणूस लावून घेतो. मेट्रोतून कुठं उतरायचं, फोनवर पहिला शब्द कोणता उच्चारायचा, पत्ता विचारला तर कुठल्या चौकाचं नाव घ्यायचं. या सवयींना आपण सावधगिऱ्या म्हणू. कथा त्यांच्यावर बांधायची.

उदाहरणं नागपूरची घेतली आहेत, कारण या कामाला नागपूर फार सोयीचं शहर आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेलं, भोसल्यांनी राजधानी केलेलं, पुढं इंग्रजांच्या मध्य प्रांताचं मुख्य ठाणं झालेलं. १९५६ पर्यंत ते हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. मोमिनपुऱ्यात विणकर, इतवारीत मारवाडी-गुजराती व्यापारी, जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी, धंतोलीत बंगाली, उत्तरेला इंदोऱ्याची बौद्ध वस्ती. एका ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर ही सगळी माणसं सहज बसलेली सापडतात. ती एकत्र कशी आली, याचा खुलासा लेखकाला द्यावा लागत नाही.

माप ठरवून घ्या: दिवाळी अंकाच्या बेताची, साडेतीन ते चार हजार शब्दांची कथा, दोन मुख्य पात्रं, पाच प्रसंग. रोज दीड तास दिला तर पाच-सहा आठवडे लागतील. त्यातले पहिले दोन आठवडे कथा लिहायचीच नाही, फक्त वही भरायची.

आधी सालं जुळवा

नमुन्यादाखल एक पात्र घेऊ. प्रज्ञा, वय २८, इंदोऱ्यात वाढलेली, शंकरनगरच्या एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. कथा २०२४ च्या नोव्हेंबरात घडते. म्हणजे ती १९९६ ची, बाबा साधारण १९६४ चे, आजोबा १९३६ चे. एका कागदावर तीन उभ्या रेघा मारा, तिघांची वयं लिहा आणि शहराच्या घटना आडव्या टाका.

आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली त्या दिवशी, वीस वर्षांचे होते. आजोबांना आपण एम्प्रेस मिलमध्ये लावू. टाटांची ही मिल १८७७ ला सुरू झाली आणि २००२ ला बंद पडली, म्हणजे प्रज्ञा सहा वर्षांची असताना. भोंगा ऐकत मोठं झालेलं घर आणि भोंगा थांबल्यावर मोठं झालेलं घर यांत फरक असतो.

खरं सोनं बाबांच्या रेघेवर आहे. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० ला झाला. महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीला त्या चालत नव्हत्या. आता समजा, बाबांनी १९८८ ला, चोविसाव्या वर्षी, टपाल खात्याचा अर्ज भरला. 'बौद्ध' लिहिलं तर राखीव जागा मिळत नाही. 'हिंदू महार' लिहिलं तर आजोबांनी वीस वर्षांचे असताना जे सोडलं, ते पोरानं नोकरीसाठी परत उचललं असं होतं. अर्जातला एक रकाना आणि त्यावरून बापलेकांत पडलेला अबोला. यात कुणी कुणाला शिवी दिलेली नाही, तरी घर दुभंगलं. पूर्वग्रह असाही काम करतो, आणि असे प्रसंग सालं मांडल्याशिवाय सुचत नाहीत.

दुसऱ्या समाजाचं पात्र असेल तर त्या रेघेवर दुसऱ्या घटना येतील. गोवारी कुटुंब असेल तर २३ नोव्हेंबर १९९४: हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं मेली. मागणी अनुसूचित जमातीच्या दाखल्याची होती. यादीत नोंद 'गोंड गोवारी' अशी आहे, आणि ही एक जमात की दोन, यावर पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. हलबा कोष्टी कुटुंब असेल तर नोव्हेंबर २०००: हलबा कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबा नव्हेत, असा निकाल त्याच न्यायालयानं दिला. पारधी असेल तर इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९५२ ला त्यातून झालेली सुटका. यांतल्या प्रत्येक ठिकाणी माणूस कोण आहे हे त्याच्याआधी कागदानं ठरवलंय.

इथं होणारी चूक म्हणजे हा सगळा तक्ता कथेत ओतणं. दहातल्या नऊ गोष्टी वहीतच राहू द्या. संवादात तर साल अजिबात नको. "एकोणीसशे छप्पन साली आपण धम्म स्वीकारला" असं घरात कुणी बोलत नाही. माणसं घटनेवरून काळ मोजतात: 'दीक्षेच्या वर्षी', 'मिल सुरू होती तवा', 'गोवारी मेले त्या साली'. कुठलं घर कुठल्या घटनेवरून काळ मोजतं, यातच त्याची अर्धी ओळख आली.

पत्त्याचा नकाशा

नागपुरात "राहता कुठं?" हा प्रश्न पुष्कळदा आडनावाच्या ऐवजी विचारला जातो. इंदोरा म्हटलं की एक अंदाज, मोमिनपुरा म्हटलं की दुसरा, महाल म्हटलं की तिसरा. अंदाज बरोबर येतो की चूक, हा मुद्दा नाही. विचारणाऱ्याचा चेहरा उत्तरानंतर अर्धा क्षण बदलतो, आणि तो अर्धा क्षण टाळण्यासाठी पात्र काय करतं, हे आपल्याला हवंय.

म्हणून पात्राचा रोजचा रस्ता कागदावर काढा, स्टेशनांसकट. प्रज्ञा मेट्रोच्या ऑरेंज लाइननं सीताबर्डीला जाते, तिथं गाडी बदलून अ‍ॅक्वा लाइननं शंकरनगर चौक गाठते. परतीच्या वाटेवर सीताबर्डीहून झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम, कडबी चौक आणि मग इंदोरा चौक. तिचं घर इंदोरा चौकाजवळ आहे. ती उतरते कडबी चौकात.

ही झाली सावधगिरी. पहिल्या नोकरीत संध्याकाळी बरोबर असलेली सहकारी इंदोरा चौकाला म्हणाली होती, "अच्छा, इथं होय!" एवढंच. पुढं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञा एक स्टेशन आधी उतरून चालत घरी जायला लागली. पंधरा मिनिटं. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर साठ तासांच्या वर. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, आणि साडेसहालाही डांबरातून झळ येत असते. ते साठ तास आणि ती झळ कथेत आली तर 'अच्छा, इथं होय' या तीन शब्दांचं वजन वाचकाला सांगावं लागत नाही.

सावधगिऱ्यांची वही

आता मुख्य काम. प्रत्येक मोठ्या पात्राच्या बारा सावधगिऱ्या लिहा. बाराच का? पहिल्या चार-पाच सगळ्यांनाच सुचतात: आडनाव लपवणं, डबा वेगळा खाणं, गळ्यातलं लॉकेट शर्टाच्या आत ढकलणं. सातव्यानंतर डोकं खाजवावं लागतं आणि तिथून खऱ्या निघायला लागतात.

प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहायच्या: पात्र नेमकं काय करतं, ते कुणाकडून किंवा कशावरून शिकलं, त्याची रोजची किंमत काय, आणि कुणासमोर ते करत नाही. चौथी गोष्ट लोक गाळतात, आणि कथा तर तिथूनच निघते. ज्याच्यासमोर सावधगिरी सैल पडते तो पात्राचा खरा जवळचा माणूस. कुठल्या विशेषणानं ही जवळीक इतकी पटत नाही.

प्रज्ञाची एक नोंद पूर्ण करून पाहू. तिच्या काकांचा आवाज मोठा. फोन उचलताच "जय भीम बेटा!" असं खणखणीत येतं, आणि ते शेजारच्या टेबलावर ऐकू जातं. म्हणून ती ऑफिसात शिरताना फोनच्या आवाजाची कळ दोनदा खाली दाबते. काकांना घरून ती "जय भीम काका" म्हणते, ऑफिसातून "हां काका, बोला ना". हे तिला कुणी शिकवलं नाही. किंमत: काका एकदा म्हणाले, "ऑफिसात असली की तुझा आवाज परक्यासारखा येते." हे ती कुणासमोर करत नाही? ऑफिसातल्या वॉचमनसमोर. तो स्वतःच एकदा हळूच "जय भीम ताई" म्हणाला होता.

बारांतल्या तीनच कथेत घ्या. एक पहिल्या पानावर, काही खुलासा न करता. एक मधे, मोडताना. एक शेवटाकडे, जिच्याबद्दल खुद्द पात्रालाच पत्ता नव्हता. तीनच्या वर गेलात की पात्र मनोरुग्णासारखं दिसायला लागतं आणि वाचक त्याची कीव करतो. कीव सुरू झाली की कथा हातची गेली.

दिसणारं आणि झाकता येणारं

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ ला एक भेद मांडला, तो लेखकाच्या फार कामाचा आहे. काहींचा कलंक (म्हणजे समाजानं मानलेला) समोरच्याला आधीच दिसत असतो. काहींचा दिसत नाही, पण केव्हाही उघडा पडू शकतो. पहिल्या माणसाला ताण सांभाळावा लागतो, दुसऱ्याला स्वतःबद्दलची माहिती.

प्रज्ञा दुसऱ्या गटातली. मोमिनपुऱ्यातून डिलिव्हरीचं काम करणारा पोरगा पहिल्या. त्याचं नाव अ‍ॅपवर ग्राहकाला दार उघडण्याआधीच दिसतं. त्याच्या सावधगिऱ्या लपवण्याच्या असणार नाहीत. तो दोन पावलं मागं उभा राहील, बेल एकदाच वाजवेल, बिल आधीच हातात काढून ठेवेल, गरजेपेक्षा दोन वेळा जास्त 'सर' म्हणेल. दोघांना एकच सावधगिरी चिकटवली की दोघंही खोटी पडतात. ही चूक फार दिसते: लेखकाला एका समाजाची माहिती असते आणि तो तीच दुसऱ्याला नेसवतो.

पूर्वग्रहाच्या तऱ्हांबद्दल थोडक्यात. शिवी ही सगळ्यांत सोपी आणि कथेला सगळ्यांत निरुपयोगी, कारण शिवीनंतर वाचकाला कुठली बाजू घ्यायची हे ठरलेलं असतं. नियमाच्या रूपातला पूर्वग्रह बरा ('आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त शाकाहारी लोकांनाच देतो हो'). सगळ्यांत कसदार म्हणजे कौतुक. "तुम्ही अजिबात वाटत नाही हो!" हे वाक्य म्हणणाऱ्याला खरोखर स्तुती वाटत असते. ऐकणाऱ्याला 'थँक्यू' म्हणावं लागतं, आणि त्या 'थँक्यू'ची चव रात्रीपर्यंत तोंडात राहते. कौतुक लिहिताना बोलणाऱ्याला प्रामाणिक ठेवा. डोळा मारून लिहिलंत तर ते परत शिवीच होतं.

दुसरं पात्र आणि पायऱ्या

प्रज्ञासमोर उभं करायला सरसकट दुष्ट माणूस घेऊ नका. जया घ्या: जरीपटक्याची सिंधी, त्याच ऑफिसात. तिच्या आजीचं घर १९४७ ला सिंधमध्ये राहिलं. मराठ्यांच्या निशाणाचं नाव असलेल्या वस्तीत निर्वासित सिंध्यांनी संसार पुन्हा मांडले, हा नागपूरचा एक विलक्षण योगायोग आहे. त्यावर कथेत चकार शब्द काढू नका, तो तसाच चांगला आहे. जयाचा छळ कुणी करत नाही. तिची नक्कल करतात. पैशावरून विनोद करतात. तीही सावध झालेली आहे.

आता वही उघडा आणि दोघींच्या याद्या शेजारी ठेवा. कुठली सावधगिरी कुठलीला धडकते ते शोधा. प्रज्ञा पत्ता विचारला की 'जरीपटक्याजवळ' सांगते, कारण जरीपटका म्हटलं की लोक दुकानांचा विचार करतात. जया खरोखरच जरीपटक्याची आहे. सापडली धडक. आता प्रसंग रचावा लागत नाही, फक्त दोघींना एका टेबलावर बसवायचं.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं: वरच्या पायरीकडे चढता आदर, खालच्या पायरीकडे उतरता तिरस्कार. कथालेखकासाठी याचा अर्थ असा की ज्याला वरून लाथ बसते त्याच्याही पायाखाली कुणीतरी असू शकतं. प्रज्ञाच्या घरी बांधकाम चालू असेल आणि छत्तीसगढी रेजा (बांधकामावरची मजूरबाई) पाणी मागेल, तेव्हा प्रज्ञाची आई कुठला पेला काढते? नेहमीचाच काढला तरी चालेल, तोही निर्णय आहे. पण लेखकानं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सोसणारं पात्र धुतल्या तांदळासारखं ठेवण्यात आदर नाही. त्याला पूर्ण माणूस मानायला लेखक घाबरतो, एवढंच त्यातून दिसतं.

एक प्रसंग, दोन खर्डे

पहिला खर्डा बहुधा असा उतरतो:

"तुमचं काय बाई, तुम्हाला सगळं आयतं मिळतं," जया म्हणाली. प्रज्ञाच्या काळजात चर्र झालं. शतकानुशतकांचा अन्याय तिच्या डोळ्यांसमोरून सरकून गेला.

काळजात चर्र होणं हे कुणाच्याही काळजाचं असू शकतं, त्यात प्रज्ञा नाही. शतकं डोळ्यांसमोरून सरकत नसतात. आणि जया एका वाक्यात खलनायिका झाली, आता तिच्याकडून काहीच येणार नाही. दुसरा खर्डा वहीतून काढू:

"तू जरीपटक्याची ना?" जयानं विचारलं. "सर बोलत होते."

"हो."

"किधर? मैं बचपन से वहीं हूँ."

प्रज्ञानं पोळीचा तुकडा मोडला. मग तोच आणखी एकदा मोडला. "म्हणजे अगदी जरीपटक्यात नाही. बाजूला."

"मार्केटच्या बाजूला?"

"थोडं पुढे. कामठी रोडकडे."

जयाचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला. तेव्हा ती उठून खिडकीशी गेली, पाठ फिरवली आणि तोंडाशी हात धरून सिंधीत चार शब्द बोलली. परत येऊन म्हणाली, "मम्मी थी. इथं सिंधी बोललं ना, तो सब मेरी एक्टिंग करते."

"कोण?"

"सगळेच." ती हसली. "तेरा फोन कभी नहीं बजता?"

प्रज्ञाचा फोन डब्याशेजारीच होता. "वाजतो," ती म्हणाली.

मोजून पाहा: शंभराच्या आसपास शब्द, जात किंवा धर्म एकदाही नाही, आणि 'तिला वाईट वाटलं' अशा अर्थाचं वाक्यही नाही. पोळीचा दोनदा मोडलेला तुकडा आणि पालथा फोन एवढ्यावर प्रसंग उभा आहे. आवाजाची कळ दोनदा दाबण्याचं पहिल्या पानावर येऊन गेलंय, म्हणून 'वाजतो' हा शब्द इथं काम करतो. ते आधी पेरलं नसेल तर हा प्रसंग सपाट वाटेल. प्रसंग पडला असं वाटलं की प्रसंगातले शब्द बदलत बसण्याआधी मागची पेरणी तपासा, दोष बहुतेक वेळा तिथं असतो.

जयाच्या हातात पापड का दिला नाही? सुचलं होतं, म्हणूनच दिला नाही. सिंध्यांना पापड, बंगाल्यांना मासा, मुसलमानांना बिर्याणी दिली की लेखकानंच वाचकाच्या कानात तो जुना विनोद सांगितला असं होतं. खाणं आणायचं तर ज्यात काही घडतं असं आणा. सावजी रस्सा हा कोष्टी घरांतला पदार्थ, आता त्याच्या नावानं अख्खं शहर जेवतं. ज्या पोराच्या आजीच्या हातची ती चव आहे त्याला कोष्टी म्हणून कुणी हिणवतं, आणि त्याच रात्री हिणवणारा सावजी खायला जातो, असं काही सापडलं तर तो पदार्थ कथेत यावा. एरवी तर्री पोहे खाऊन पुढं निघा.

बोली: शब्द मोडू नका

नागपूरकडची बोली लिहिताना एक सापळा आहे. टीव्हीनं ही बोली विनोदाला लावून ठेवली आहे, त्यामुळे तिचा एक शब्द आला की वाचक हसायच्या तयारीत बसतो. उपाय व्याकरणात आहे. उच्चार दाखवायला प्रत्येक शब्दाचं लेखन वाकडं केलंत तर पात्र अडाणी दिसतं. त्याऐवजी दोन-तीन खुणा पक्क्या धरा: 'मला'च्या जागी 'मले', 'करतोय'च्या जागी 'करून राहिला', आज्ञेत 'येजो', 'सांगजो'. बाकी लेखन नेहमीचं ठेवा. 'काऊन' (का) आणि 'बे' (अरे) मिठासारखे, चार पानांत दोनदा.

प्रज्ञा एकच वाक्य तीन ठिकाणी तीन प्रकारे बोलेल. घरी: "मले माहीत नाही, मी तं आत्ताच येऊन राहिली." ऑफिसात: "मला माहीत नाही, मी आत्ताच येतेय." रिक्षावाल्याशी: "मेरेको नहीं मालूम भैया, मैं अभीच आई." त्या 'अभीच'मधला 'च' मराठीतून हिंदीत गेलेला आहे, असल्या बारीक खुणांनी शहर उभं राहतं. ताण आला की कुठली भाषा सुटते आणि कुठली धरून ठेवली जाते, हे ठरवा. ऑफिसात चिडल्यावर प्रज्ञाच्या तोंडून 'मले' निसटलं, तर तो एक शब्द अख्ख्या भाषणाचं काम करेल.

आणखी एक तपासणी. 'करून राहिलो' महालातला वकीलही म्हणतो. बोली फक्त गरीब किंवा दलित पात्राला दिलीत आणि बाकीचे पुस्तकी मराठी बोलत असतील, तर तो पूर्वग्रह पात्रांचा राहिला नाही, तुमचा झाला.

गर्दी, सण, पोलीस

सण आणायचा मोह होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडग्या नावाच्या सोबतच्या पुतळ्यांवर त्या वर्षाच्या ईडापीडांची नावं असतात, 'घेऊन जा गे मारबत' अशी हाळी उठते. दृश्य जबरदस्त आहे, म्हणूनच धोक्याचं. पात्राला त्या दिवशी त्या गर्दीतून पलीकडे जायचं काही तातडीचं काम नसेल तर ते पर्यटनाचं पान होतं. विजयादशमीचंही तसंच. त्या दिवशी दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतला जनसागर असतो आणि रेशीमबागेत संघाचा मेळावा. एकाच शहरात एकाच दिवशी. त्यावर टिप्पणी करण्यापेक्षा त्या दिवशी दोन्हीकडची भाडी मारणारा ऑटोवाला लिहा.

कथा तक्रारीपर्यंत जात असेल तर कायदा नीट वाचा. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून अपमानाचा गुन्हा व्हायला तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडावा लागतो. बंद केबिनमधल्या दोघांच्या बोलण्यावर तुमचं कोर्ट उभं केलंत तर वकील वाचक पुस्तक मिटेल. तपास हवालदार करत नाही, उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करतो. नागपुरात आयुक्तालय असल्यानं तो सहायक पोलीस आयुक्त असतो.

शेवट आणि वाचून घेणं

पहिला सुचणारा शेवट असा: प्रज्ञा भर ऑफिसात मोठ्यानं 'जय भीम' म्हणते, सगळे स्तब्ध. दुसरा: जया माफी मागते, दोघी गळ्यात पडतात. दोन्ही टाळा. पहिल्यात एका वाक्यानं वर्षानुवर्षांची सवय गळून पडते, जे होत नाही. दुसऱ्यात प्रज्ञाच्या आयुष्याचा उपयोग जयाला सुधारण्यापुरता होतो.

सावधगिरीच्या बाबतीत तीनच गोष्टी घडू शकतात: ती सुटते, बदलते, किंवा पुढच्याला जाते. मला तिसरी सगळ्यांत बळकट वाटते. प्रज्ञाचा धाकटा भाऊ यंदा कॉलेजला जायला लागलाय. एका संध्याकाळी ती कडबी चौकात उतरते आणि पुढच्या डब्यातून तोही उतरताना दिसतो, मित्रांना हात हलवून इंदोऱ्याच्या दिशेनं चालू लागतो. तिनं त्याला कधी काही शिकवलं नव्हतं. ती त्याला हाक मारते की मागून चालत राहते, हे तुम्ही ठरवा. पण कथा त्या पंधरा मिनिटांच्या रस्त्यावरच संपवा, घरी नेऊ नका. घरी नेलंत की बोलणं सुरू होईल.

खर्डा झाल्यावर आठ दिवस बाजूला ठेवा, मग तीन माणसांना द्या. दोघं प्रज्ञाच्या समाजातले, वेगळ्या वयांचे, एक जयाच्या. एकच माणूस दिलात तर त्याची आवडनिवड समाजाचं मत म्हणून गळ्यात पडते. वेळेचे पैसे द्या. 'कशी वाटली?' विचारू नका, सगळे छान म्हणतात. तीन प्रश्न लिहून द्या: कुठं तुम्ही मनात 'आम्ही असं करत नाही' म्हणालात? कुठं तुम्हाला बाहेरच्या वाचकांसाठी समजावून सांगितल्यासारखं वाटलं? कुठली सावधगिरी मी लिहायची राहून गेली? पहिल्या उत्तरातली चूक तिथल्या तिथं दुरुस्त होते. दुसऱ्याचं उत्तर मिळेल तिथली वाक्यं सरळ कापा. तिसऱ्याला मिळालेलं उत्तर मात्र लगेच कथेत घालू नका. ते त्या माणसाचं आहे. वापरू का, हे त्याला विचारा, आणि 'नको' म्हणाला तर वहीतल्या उरलेल्या नवांकडे परत जा.